इन्व्हरलॉथचा झेंडेकरी

कार्ल्सरूहे, ९ एप्रिल २०२४

अश्वजित,

आधी प्रिय लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं नाव. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, मेलवर ब्लॉक केलंस. जर्मन पोस्टाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद.

घाबरू नकोस, कामाचं पत्र आहे. हिर्शफुर्टचं ते पार्टनरशाफ्ट्सफेराइन आठवतं ना? दोन गावांच्या मैत्रीचं मंडळ. विद्यार्थी असताना स्वस्त खोली मिळाली म्हणून तू त्या गावात राहिलास, त्यांच्या बसमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून स्कॉटलंडला गेलास, आणि परत आलास तो फक्त बॅगा न्यायला. बारा वर्षं झाली. त्या मैत्रीला यंदा पन्नास वर्षं होतात. जूनमध्ये तुमचं इन्व्हरलॉथ इकडे येणार आहे, आणि तुमच्या गावाच्या इतिहासाची पुस्तिका जर्मनमध्ये हवी आहे. त्यांचे जुने दुभाषे म्हातारे झाले. मी एरवी पंपांची मॅन्युअल्स भाषांतरित करते, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. आलेलं काम घेतलं, एवढंच. मी तुझी बहीण आहे हे तिथे कुणाला माहीत नाही. तुला ओळखणारे जे दोघेतिघे होते त्यांतले काही वारले, काही विसरले.

चौसष्ट पानी पुस्तिका आहे. इतक्या लहान गावाने स्वतःबद्दल इतकं बोललेलं मी अजून वाचलं नव्हतं. पहिली बारा पानं पुलाची. पाच कमानींचा पूल, दोनदा वाहून गेला, दोन्ही वेळा दोष पलीकडच्या काठाला दिला. मग कुठलातरी राजा. त्याचा घोडा नदीत उतरेना म्हणून तो एक रात्र मुक्कामाला राहिला, आणि सकाळी गावाला सनद देऊन गेला. घोड्याला पाण्याची भीती वाटली, एवढ्यावर सहाशे वर्षं छाती फुगवून चालणारं गाव आहे तुमचं. मग साल्मन मासे, मग एक बाई, जिला चेटकीण म्हणून नदीकाठी जाळली. त्या जागी आता पाटी आहे आणि समोर सुगंधी मेणबत्त्यांचं दुकान. हे दोन्ही एकाच वाक्यात, अभिमानाने लिहिलेलं आहे. मग लोकरीची गिरणी. इथली ब्लँकेटं हिंदुस्थानातल्या पलटणींना जात. गिरणीच्या मालकाचा पुतळा आहे, आणि ब्लँकेटं कुणी पांघरली, कुणी विणली, याबद्दल अवाक्षर नाही.

मला तुझ्याकडून फक्त माहिती हवी आहे. टॉलबूथ म्हणजे तुरुंग की कचेरी? पान एकोणीसवर दोन्ही लिहिलं आहे. आणि चर्चच्या घड्याळाला पलीकडच्या काठाकडे तबकडीच का नाही? पुस्तिका म्हणते, ‘गावाच्या विनोदबुद्धीचं उदाहरण.’ पलीकडच्यांनी वर्गणी दिली नाही म्हणून त्यांना वेळ दाखवायची नाही, याला विनोदबुद्धी म्हणत असतील तर तुझं तिथे बरं जमत असणार.

एका ओळीत उत्तर दिलंस तरी चालेल.

कीर्ती


कार्ल्सरूहे, २१ एप्रिल

अश्वजित,

उत्तर आलं नाही. गेनाऊ, बरोबरच आहे; अपेक्षाही नव्हती. टॉलबूथचं माझं मी शोधलं. दोन्ही होतं.

आता पान एकतीस.

आधी प्रथा समजून घेतली. दर जूनमध्ये एक झेंडेकरी निवडायचा. त्याने घोड्यावर बसून गावाची शीव फिरायची, मागून सगळं गाव. निघण्याआधी पुलाच्या मध्यावर त्याच्या आईने झेंड्याला निळी फीत बांधायची. आई नसेल तर सासूने. ती बांधल्याशिवाय झेंडा पूल ओलांडत नाही. यंदा पन्नासावं वर्ष म्हणून फीत बांधायचा कार्यक्रम हिर्शफुर्टच्या पुलावर होणार. आणि यंदाचा झेंडेकरी, सहाशे वर्षांत पहिलाच बाहेरून आलेला माणूस: अॅश रॅन. फोटोत घागरा घालून उभा आहेस. किल्ट म्हणायचं असतं, माहीत आहे मला. रणपिसे हे आडनाव इतकं जड होतं का रे, की नदी ओलांडताना अर्धं टाकून द्यावं लागलं?

तुला हसू आलं नाही का? घागऱ्यामुळे नाही, शिवेमुळे. आपल्या पणजोबांकडे महारकी होती. दोन गावांत शिवेचा तंटा निघाला की त्यांना बोलावत. शीव कुठून जाते हे त्यांनाच ठाऊक असे, कारण ती राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं. ते पुढे चालत, अनवाणी, आणि ज्या गावाची शीव ते दाखवत त्या गावात त्यांना राहायची मुभा नव्हती. आजोबांनी ते काम थुंकून टाकलं आणि पुण्याची वाट धरली. येरवड्यात पत्रा ठोकला, पण परत गेले नाहीत. आणि तू तेच काम मिरवणूक काढून करणार आहेस. तेसुद्धा अशा गावात, जिथे पुस्तिकाच सांगते की तीन पिढ्या झाल्याशिवाय कुणी ‘आपला’ होत नाही. दुसऱ्याची शीव राखायची तुला इतकी हौस असेल असं वाटलं नव्हतं.

हे सगळं मी मनातल्या मनात बोलून मोकळी झाले होते. मग शेवटचा परिच्छेद वाचला. ‘अॅशच्या दिवंगत मातोश्री पुण्यात शिक्षिका होत्या. त्यांच्या जागी फीत त्याच्या सासूबाई मोरॅग बांधतील.’

दिवंगत.

तुझ्या दिवंगत मातोश्री मार्चअखेरीपासून माझ्या घरी आहेत. नव्वद दिवसांचा व्हिसा आहे. या क्षणी त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून तुर्की दुकानातली मेथी निवडताहेत, आणि इथली मेथी किती निबर आहे ते मला ऐकवताहेत. गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

या ओळीचं जर्मनमध्ये काय करू, ते तू सांग.

कीर्ती


कार्ल्सरूहे, १२ मे

अश्वजित,

तुझं कार्ड मिळालं. वर तुमच्या पुलाचं चित्र, मागे तीन ओळी. ‘ताई, प्लीज. फिओनाला माहीत नाही. मोरॅगला तर नाहीच. मला थोडा वेळ दे. आईला सांगू नकोस.’ नऊ वर्षांत तुझं पहिलं अक्षर आणि त्यात आई कशी आहे हे विचारायला जागा उरली नाही. पुलाचं चित्र जरा लहान छापायला हवं होतं.

बायकोला माहीत नाही म्हणतोस. म्हणजे लग्नाला दहा वर्षं झाली आणि ती बाई अजूनही समजते की तिची सासू वारली. स्मृतिदिन विचारला नाही का तिने कधी? तारीख कुठली सांगितलीस? एखादी तरी ठरवली असशील. खोटं बोलणाऱ्याने निदान टापटीप ठेवावी.

राहवत नाही म्हणून हेही लिहिते. दादा गेले तेव्हा बापाच्या मातीलाही तू आला नाहीस. मी फोनवर काय बोलले ते मला आठवतं. ‘आईला सांगते, तुझा मुलगाही त्यांच्याबरोबरच गेला.’ मी तसं सांगितलं नाही, अर्थात. मी सांगितलं, रजा मिळाली नाही. ती अजूनही तेच धरून बसली आहे. शेजारणीने विचारलं की म्हणते, ‘त्याची नोकरीच तशी, पाण्याशी खेळ.’ नदीच्या पाण्याचे नमुने तपासणं म्हणजे तिला काहीतरी जोखमीचं वाटतं. मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

तर मी तुला मेला म्हटलं, ते तोंडातून निघून गेलं. तू तिला मेली म्हटलंस ते छापून आणलंस. दोन्ही एकच आहे असं तुझं म्हणणं असेल तर ते माझ्याजवळ बोलू नकोस.

आणखी एक. पहिल्या पत्रात लिहिलं की काम आलं, घेतलं. खोटं कशाला बोलू? फेराइनच्या बाईंनी इकडे येणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव वाचून दाखवलं आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं होतं. कशासाठी, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. मला तुला त्या पुलावर उभा करून बघायचा आहे, आणि समोर तिला.

तुझ्याकडे पाच आठवडे आहेत. फिओनाला सांग. मोरॅगला सांग. आईला तू स्वतः सांग. फीत तिने बांधायची. नाहीतर मी तिला घेऊन येते आणि मग जे होईल ते होईल.

पुस्तिका छापायला गेली. तो परिच्छेद मी जसाच्या तसा ठेवला, दिवंगतसकट. भाषांतरकाराने मजकुरात ढवळाढवळ करायची नसते.

कीर्ती


कार्ल्सरूहे, ५ जून

अश्वजित,

तू काहीच केलं नाहीस. मग ते माझ्या घरात, तुझ्यामाझ्या कुणाच्याही परवानगीशिवाय झालं.

छापलेल्या पुस्तिकेच्या दोन प्रती मला आल्या. मी ऑफिसात होते. ओवी शाळेतून आली, तिने एक उघडली. तेरा वर्षांची आहे आता ती. मराठी सगळं समजतं, पण तोंडातून जर्मन निघतं. मामाचा फोटो तिने ओळखला, कारण आईच्या पिशवीत तुझा जुना फोटो आहे. आजीला खूश करायला तिने वाचायला घेतलं. मग म्हणाली, ‘आजी, हिअर श्टेट, डू बिस्ट टोट.’ आई म्हणाली, ‘काय गं?’ तेव्हा पोरीने शोधून शोधून मराठी केलं. ‘तू मेली आहे. इथे लिहिलं.’

मी घरी आले तेव्हा आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ओवी रडून लाल झालेली. आईने मला एकच विचारलं.

‘खरं लिवलंय का तसं?’

‘हो.’

‘त्यानं सांगितलं म्हणून?’

‘हो.’

‘बरं.’ मग चिमटा लावून झाल्यावर म्हणाली, ‘आजारानं गेले की अपघातात?’

मी म्हटलं, तेवढं लिहिलेलं नाही. ती म्हणाली, ‘मग आजारानंच असल. अपघात असता तर लिवलं असतं.’

त्यानंतर तिने पुढचं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. ‘शिक्षिका होत्या’ इथे तिने हात वर करून मला थांबवलं. ‘म्हंजे? मास्तरीण?’ मी हो म्हटलं. ‘हे कुणी काढलं?’

आता बसून नीट वाच. हे तू काढलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. माझ्या लग्नाच्या बायोडेटात मी लिहिलं होतं, ‘आई: महापालिकेच्या शिक्षण मंडळात नोकरी.’ खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. शाळा महापालिकेची होती, नोकरी होती, पगार शिक्षण मंडळच देई. तू तेव्हा शेजारी बसून ते टाइप करत होतास, आणि म्हणाला होतास, ‘ताई, भारी लिहिलंस.’ इथे आल्यावर ऑफिसात कुणी विचारलं की मी लेहररिन म्हणू लागले, शिक्षिका. एका शब्दात काम होतं. सतरा वर्षं झाली, आमच्या फ्राउ वोल्पर्ट दर दिवाळीला विचारतात, ‘तुझ्या शिक्षिका आई कशा आहेत?’ तुला ते माझ्याकडून मिळालं. मी तिला मास्तरीण केलं, तू पुढे जाऊन मारलंस.

आईला मी म्हटलं, ‘कुणास ठाऊक कुणी काढलं.’

तिने रिकामी बादली उचलली. मग म्हणाली, ‘मी येनार पुलावर. कुटली साडी नेसू?’

आता तुझं तू बघ. मला वाईट वाटतंय असं समजू नकोस. मी दिवस मोजते आहे.

कीर्ती


कार्ल्सरूहे, १६ जून

अश्वजित,

काल तू तिथेच होतास. तरी लिहिते, कारण काल तुला ऐकू आलं ते मी, तू आणि ओवी सोडून कुणाला कळलं नाही, आणि घरी आल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही.

हिर्शफुर्टचं मी तुला काही सांगायला नको. सॉसेजचे बारा स्टॉल, अग्निशामक दलाचा बँड, आणि पुलावर तुमचे पन्नास लोक लोकरीच्या कपड्यांत घामाघूम. दोन्ही गावं एकमेकांना इतकी शोभतात की मैत्री पन्नास वर्षं टिकली याचं नवल नाही. मी मायक्रोफोनजवळ. इथले महापौर, बुर्गरमाइस्टर, बोलायचे ते मी इंग्लिशमध्ये सांगायचं, तुमचे नगरप्रमुख, प्रोव्होस्ट, बोलायचे ते जर्मनमध्ये. आईला मी पहिल्या रांगेत ओवीजवळ उभं केलं होतं. पांढरी साडी, निळा काठ. मागच्या रांगेत फ्राउ वोल्पर्ट नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्या येणार हे मला माहीत नव्हतं.

तुझी नजर आईवर गेली ते मी पाहिलं. झेंड्याची काठी तू एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीस. मला वाटलं होतं तसं मला बरं वाटलं, एक क्षणभर अगदी पोटभरून वाटलं. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं.

प्रोव्होस्ट म्हणाले, अॅशच्या आई हयात नाहीत, म्हणून मोरॅग. ते मी जर्मनमध्ये सांगितलं, आवाज न हलवता. मोरॅग फीत घेऊन निघाल्या. चांगली बाई दिसते. आणि आई रांगेतून बाहेर आली.

कुणी अडवलं नाही. म्हातारी, नऊवारी नेसलेली, हात जोडून येतेय म्हटल्यावर बुर्गरमाइस्टरना आनंदच झाला. त्यांनी मायक्रोफोन तिच्यापुढे धरला. तू ऐकलंस ती काय म्हणाली. तरी लिहून ठेवते, म्हणजे मला नंतर बदलता येणार नाही.

‘जय भीम. मी अंजनाबाई लहू रणपिसे. ह्या पोराची आई. मी मेले नाय. आनि मास्तरीन नव्हते. मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्सं झाडू मारला, संडास धुतले, त्याच्यावर ही दोगं शिकली. फीत ह्या बाईनं बांदू दे, माजं काय म्हननं नाय. पन माजं काम खोटं लिवू नका.’

एवढंच. आवाज चढवला नाही. मग ती माझ्याकडे वळली. सगळेच वळले. बुर्गरमाइस्टर हसून म्हणाले, ‘उंड वास झाग्ट डी डामे?’ काय म्हणताहेत बाई?

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. माइने मुटर. माझी आई. तिथपासून सुरू करायचं होतं, आणि पुढचा शब्द होता पुट्सफ्राउ, झाडूवाली. दोनच शब्द. फ्राउ वोल्पर्ट टाचा उंचावून बघत होत्या.

मी म्हटलं, ‘भारतातून आलेल्या या वयस्कर पाहुण्या म्हणतात की त्या या तरुणाला आणि दोन्ही गावांच्या मैत्रीला आशीर्वाद देतात.’

टाळ्या. बँडवाल्यांनीही वाजवल्या. मोरॅगने आईचे दोन्ही हात धरले, तिच्याही डोळ्यांत पाणी. तुझ्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि त्याच क्षणी तू मान खाली घातलीस. तू माझी लाज वाटून घातलीस की तुझी, हे मला विचारायचं नाही. एवढी पत्रं लिहिली मी तुला. तुझी, तुझ्या गावाची, तुझ्या अर्ध्या आडनावाची चामडी सोलली. तुझ्या फिओनाला सांगायला तुला दहा वर्षं पुरली नाहीत म्हणून तुला नामर्द ठरवत होते. माझ्या हातात अख्खा मायक्रोफोन होता.

फीत बांधली. झेंडा पूल ओलांडून गेला. तू मागे वळून पाहिलंस का, मला दिसलं नाही.

परतीच्या लोकलमध्ये, एस-बानमध्ये, आई खिडकीशी बसली. ओवी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून. पोरीने दोन्ही ऐकलं होतं, मराठी आणि जर्मन, पण ती आजीला काही बोलली नाही. माझ्याकडेही बघत नव्हती. दोन स्टेशनं गेल्यावर आईने विचारलं, ‘कीर्ते, त्यांनी टाळ्या कशाला वाजवल्या गं?’

मी म्हटलं, ‘तुझं बोलणं आवडलं त्यांना.’

ती म्हणाली, ‘संडास धुतले म्हटल्यावर टाळ्या नाय वाजत. मी सत्तर वर्सं लोकांची तोंडं बघितलीत. काय सांगितलंस तू?’

मी पर्समधली तिकिटं काढून बघत बसले. तिने दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

काल संध्याकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही. ओवीशी बोलते, कुंडीतल्या झाडाशी बोलते. सकाळी मी चहा नेला, तो तिने घेतला आणि स्वतः कप धुऊन ठेवला, पाहुण्याने ठेवावा तसा. तिची परतीची तारीख चोवीस आहे.

तुझा फोटो अजून तिच्या पिशवीत आहे, मी पाहिलं. म्हणजे तुला ती काय म्हणायचं ते म्हणेल, शिव्या देईल, पण बोलेल. बुधवारपर्यंत तुम्ही सगळे हिर्शफुर्टला आहात. गाडी अर्ध्या तासाची आहे. फिओनाला आण, नाहीतर एकटा ये. मी घरी नसेन अशी वेळ सांगितलीस तर मी बाहेर जाईन.

ये रे.

ताई